परड्यातून जाणारी शेजाऱ्याची वाट: ती मोजावी, लिहावी आणि सांभाळावी कशी

आमच्या बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत घरामागच्या किंवा घरापुढच्या बागेला परडं म्हणतात. माझं परडं घराच्या पुढच्या अंगाला आहे, साडेतीन गुंठ्यांचं. नारळाची दोन झाडं, एक फणस, केळी, शेवगा, आळूचा वाफा, कढीपत्ता आणि आबोलीची एक लांब रांग. या परड्याच्या मधोमध नव्हे, पण डाव्या हाताला थोडी आत घुसून एक वाट जाते. ती माझी नाही. म्हणजे जमीन माझी आहे, चालण्याचा हक्क मागच्या घराचा आहे. १९८९ साली लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून ती वाट मी झाडते आहे, तिच्यावरून भांडले आहे आणि शेवटी तिचा कागद करून घेतला आहे. ज्यांच्या परड्यातून शेजाऱ्याची अशी वाट जाते त्यांनी काय करावं, ते मी केलं आणि चुकलं त्यावरून सांगते.

पहिली गोष्ट. वाट अडवू नका. राग कितीही आला तरी.

आमच्या आजेसासऱ्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची १९५१ साली वाटणी झाली. पुढचं घर आणि परडं आम्हाला, मागचं घर त्यांना. मागच्या घराला दुसरीकडून रस्ता नाही. मागे ओढा आणि दोन्ही बाजूंना लोकांच्या भिंती. २०११ मध्ये चुलत दिरांनी ते घर विकलं. घेणारं कुटुंब घरात कन्नड बोलणारं, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. आमच्या घरात सगळ्यांचं म्हणणं असं की वाट भावकीला दिली होती, परक्याला नव्हे. घर विकलं तशी वाटही संपली. तीन वर्षं धुसफूस चालली आणि २०१४ च्या उन्हाळ्यात यजमानांनी वाटेच्या कडेनं तारेची जाळी मारली. अडीच फूट जागा ठेवली, "माणूस जाईल एवढी आहे" म्हणाले.

त्याच श्रावणात मागच्या घरचे म्हातारे वारले. पाऊस पडत होता. तिरडी उचलून चौघं निघाले आणि फणसाजवळच्या वळणावर अडले. दोन्ही बाजूंनी खांदेकरी, मध्ये तिरडी, आणि जागा अडीच फूट. कोणी आम्हाला एक शब्द बोललं नाही. यजमान घरात गेले, पक्कड घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं जाळी तोडली. मी दारात उभी होते. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मागच्या घरच्या आई, ज्यांना मी अक्का म्हणते, आठ दिवसांनी माझ्याकडे आल्या आणि वाटेचं काय करायचं ते बसून ठरवू म्हणाल्या. मोठेपण त्यांचं होतं.

नंतर वकिलाकडून कळलं ते असं: वाटेचा हक्क माणसाला चिकटलेला नसतो, जागेला चिकटलेला असतो. मागचं घर विकलं की वाट त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जाते. तसंच पुढचं परडं उद्या मी विकलं तरी घेणाऱ्याला ती वाट द्यावीच लागेल. जाळी मारली तेव्हा आम्ही चूक होतोच, पण कोर्टातही हरलो असतो.

कागद कुठे शोधायचा

घरातली जुनी पेटी आधी उघडा. बेळगाव १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे त्याआधीची वाटणीपत्रं, खरेदीखतं आमच्या भागात बहुतेक मराठीत सापडतात. आमच्या वाटणीपत्राचा मजकूर बाळबोध अक्षरात आहे, साक्षीदारांच्या सह्या मात्र मोडीत. त्यात चतुःसीमा दिल्यावर खाली एक ओळ आहे: मागील घरास पुढील परड्यातून येण्याजाण्यास तीन हात रुंद वाट राखली आहे. साठ वर्षं ही ओळ पेटीत होती आणि आम्ही अंदाजानं भांडत होतो.

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. तीन हात म्हणजे साडेचार फूट. आजेसासऱ्यांनी तीनच हात का धरले असतील हे मला त्या श्रावणात कळलं. तिरडी आणि तिचे खांदेकरी तेवढ्यात बसतात. डोक्यावर घागर घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तरी तेवढ्यात एकमेकींना पार होतात.

नंतरचे कागद कन्नडमध्ये असतील. इथे एक शब्द ध्यानात ठेवा. कन्नडमध्ये वाटेला 'दारी' म्हणतात. 'कालुदारी' म्हणजे पाऊलवाट, 'बंडीदारी' म्हणजे गाडीवाट. आपण मराठी माणसं दारी म्हटलं की दाराशी असं समजतो आणि ओळ वाचूनही पुढे जातो. चतुःसीमेला 'चक्कुबंदी' असाही शब्द येतो. कन्नड वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून आधी वाचून घ्या, पण सही करण्याआधी जाणत्याकडून नीट समजून घ्या.

शेतातली वाट असेल तर उतारा, म्हणजे आपली पहाणी, आणि सर्व्हेचा नकाशा काढा. गावनकाशावर गाडीवाट किंवा पाऊलवाट दाखवलेली असेल तर ती फक्त शेजाऱ्याची खासगी वाट राहत नाही, आणि ती बंद केली तर तहसीलदारांपर्यंत जाईल. गावठाणातल्या घराला पहाणी नसते. तिथे ग्रामपंचायतीकडून ई-स्वत्तूचा, म्हणजे घरजागेच्या संगणकावरच्या नोंदीचा, नमुना ९ आणि ११ काढा, आणि सब-रजिस्ट्रारकडून जुन्या दस्ताची नक्कल घ्या. नमुन्यावर वाट लिहिलेली नसली म्हणजे वाट नाही, असं मात्र धरू नका.

हक्क कोणत्या जातीचा आहे

हे ठरल्याशिवाय बोलायला बसू नका, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. यासाठीचा कायदा १८८२ चा आहे, भारतीय सुविधाधिकार अधिनियम. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये लागू झाला आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. आपल्याकडे कोर्टात आणि गावातही त्याला वहिवाटीचा हक्क म्हणतात.

लिहून दिलेली वाट असेल, आमच्यासारखी, तर जे लिहिलं तेवढं द्यायचं. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

लिहिलेलं नाही, पण एकाच जागेचे दोन तुकडे झाले आणि मागच्या तुकड्याला दुसरा रस्ताच नाही, तर ती गरजेची वाट. कलम १३. ती सोयीची असून भागत नाही, तिच्यावाचून चालतच नाही अशी असावी लागते. आणि उद्या मागच्या घराला दुसऱ्या बाजूनं रस्ता मिळाला तर ही गरज संपते आणि वाटही संपते. लक्षात घ्या, हे फक्त गरजेच्या वाटेला लागू आहे. लिहून दिलेली वाट नवा रस्ता झाला म्हणून आपोआप जात नाही.

तिसरी जात म्हणजे वापरानं पडलेली वाट. शेजारी २० वर्षं उघडपणे, भांडणाशिवाय, खंड न पडता आणि हक्कानं जात असेल तर कलम १५ खाली तो हक्क कोर्टात मागू शकतो. सरकारी जमीन असेल तर ३० वर्षं. यातला 'हक्कानं' हा शब्द सगळ्यांत मोठा. तुमची परवानगी घेऊन तो जात असेल, तर वर्षं कितीही होवोत, तो हक्क होत नाही.

म्हणून ही चौथी, परवानगीची वाट, वेगळी ओळखा. कोणी घर बांधताना म्हणतो, "काकू, चार महिने तुमच्या परड्यातून विटा नेतो." न्या म्हणा, मनापासून म्हणा, शेजारधर्म आहे. पण एका कागदावर चार ओळी लिहून घ्या: परवानगीनं जातो आहे, अमुक महिन्यापर्यंत. अशी परवानगी नंतर मागे घेता येते. मात्र तुमच्या परवानगीच्या भरवशावर त्यानं खर्च करून पक्कं बांधकाम केलं, तर ती मागे घेणं अवघड होतं. त्याला पक्की फरशी घालू द्यायची की नाही हे त्यासाठी आधी ठरवा, नंतर नाही.

कोल्हापूरचा सल्ला इथे चालत नाही

आम्हा सीमाभागातल्या लोकांची अर्धी सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापुरात. अडचण आली की पहिला फोन तिकडे. माझ्या भावानं सांगितलं, "तायडे, तहसीलदारांकडे कलम १४३ खाली अर्ज टाक." तो त्याच्या जागी बरोबर होता. ते कलम महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं आहे आणि तेही शेताच्या बांधावरून जाणाऱ्या रस्त्याचं. आपल्याकडे कर्नाटकाचा १९६४ चा जमीन महसूल कायदा आहे. गावठाणातल्या परड्याच्या वाटेचा निकाल दिवाणी कोर्टातच लागतो. १८८२ चा कायदा मात्र सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच आहे, त्याबद्दलचा तिकडचा सल्ला कामाला येतो.

बोलायला बसणं

अक्का म्हणाल्या तेव्हा मी दोन गोष्टी मागितल्या. बैठक परड्यातच व्हावी, कोणाच्या सोप्यावर नको. आणि दोन्ही घरच्या बायका बैठकीत असाव्यात, कारण वाटेवरून दिवसातून दहा वेळा जातात त्या. पंच म्हणून दोन्ही भाषा जाणणारे एक निवृत्त गुरुजी आले. मी टेप, सुतळी आणि चुन्याची फक्की तयार ठेवली.

हे मी सगळ्यांना सांगते: तोंडानं फूट बोलू नका, जमिनीवर रेघ मारा. "चार फूट", "पाच फूट" यावर अर्धा तास गेला होता. चुन्याच्या दोन रेघा मारल्या आणि साडेचार फुटांची पट्टी डोळ्यांना दिसली, तेव्हा दोन्हीकडचे आवाज खाली आले. मग मुलांना सांगितलं, सायकल ढकलत न्या, पाण्याच्या घागरी न्या, गादी न्या. वळणावर फणसाच्या मुळाशी साडेचार कमी पडत होते. तिथे मी पाऊण फूट जास्त दिलं आणि त्याबदल्यात वाट आबोलीकडून सरकवून भिंतीच्या कडेला घेतली.

वाट सरकवून एका ठराविक पट्ट्यात आणायला सांगणं हा परड्याच्या मालकाचा हक्क आहे. कलम २२. शेजाऱ्याचं नुकसान होत नसेल तर तुमच्या विनंतीनुसार त्यानं ठरलेल्या पट्ट्यातूनच जायचं, परडंभर फिरायचं नाही, आणि तुम्हाला कमीत कमी त्रास होईल असं जायचं. पुष्कळांना हे माहीत नसतं आणि ते सगळी वाटच बंद करायला निघतात. खरं तर आपल्याला वाट नको नसते, ती वाटेल तशी पसरलेली नको असते.

गाड्यांचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. अण्णांच्या, म्हणजे अक्कांच्या मोठ्या मुलाच्या, घरी दोन दुचाकी आल्या होत्या. मागे भाड्याच्या खोल्या बांधायच्याही मनात होतं, उद्यमबागेत कामाला जाणाऱ्या पोरांसाठी. चारचाकीही मागितली. इथे मी ठाम राहिले. पायी जाण्याच्या हक्कात गाडीचा हक्क येत नाही, एका प्रकारच्या वाटेत दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, हे कायद्यातच आहे. आणि ज्या घरासाठी वाट दिली त्या घराच्या वापरापलीकडे तिचं ओझं वाढवता येत नाही. मी स्पष्ट बोलले, "अण्णा, तुमच्या घरच्या दुचाकीला मी हो म्हणते, रात्री दहानंतर इंजिन बंद करून ढकलत न्या. चारचाकी नाही. आणि खोल्या बांधणार असाल तर आधी पुन्हा बसू." त्यांना वाईट वाटलं. पण पंधरा दिवसांनी हो म्हणाले. खोल्या त्यांनी बांधल्या नाहीत.

कागदात काय लिहायचं

वाट कुठून कुठे, कशाला लागून, रुंदी किती फूट आणि वळणावर किती. कोण जाणार: घरचे, पाहुणे, गवंडी, दवाखान्याला नेताना रुग्ण, अंत्ययात्रा. हे शेवटचं मी मुद्दाम लिहायला लावलं. कोणत्या गाड्या, कोणत्या वेळी. फाटक लावता येईल का, आणि लावलं तर कुलूप नाही, हे. आमचं बांबूचं फाटक आहे, गुरं आत येऊ नयेत म्हणून. ते दोन्ही बाजूंना उघडतं आणि कडी दोन्हीकडून निघते.

दुरुस्ती कोणी करायची तेही लिहा. कायद्यानं वाट वापरणाऱ्यानं आपल्या खर्चानं ती नीट ठेवायची असते, परड्याच्या मालकावर ती जबाबदारी नाही. दुरुस्तीसाठी त्याला आत यावं लागलं तर येऊ द्यायचं. आमच्याकडे दगड अण्णांनी आणले, बसवणाऱ्या गवंड्याची मजुरी आम्ही निम्मी दिली, कारण पावसाचं पाणी त्या वाटेनं माझ्या आळूत शिरायचं तेही त्यातच थांबलं.

पाण्याची पाइप, सांडपाण्याची गटार, विजेची तार हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. वाट दिली म्हणजे पाइप दिली असं होत नाही. अण्णांना नळाची पाइप हवी होती. ती मी दिली, पण वेगळ्या कलमानं लिहून: वाटेच्या भिंतीकडच्या कडेनं, दीड फूट खोल, फुटली तर खणून पुन्हा माती भरून देणं त्यांच्याकडे. सांडपाणी नाकारलं.

सोबत हातानं काढलेला नकाशा जोडा, मोजमापांसह, आणि दोन्ही घरच्यांनी त्यावरही सह्या करा. परवानाधारक सर्व्हेयरकडून काढून घेतला तर उत्तम. वकिलाकडून मसुदा करून तो सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. स्थावराचा हक्क देणारा दस्त नोंदलेला नसेल तर वेळेला उभा राहत नाही. दस्त कन्नडमध्ये झाला, गुरुजींनी त्याचा मराठी अर्थ ओळीनं ओळ वाचून दाखवला आणि मी तो वेगळ्या वहीत लिहून ठेवला. आमच्या घरी दोन्ही आहेत, त्यांच्या घरीही.

वाटेच्या कडेला काय लावावं

वाट दिली म्हणजे ती जमीन गेली नाही. चालण्याला अडथळा न होता तिचा वापर तुम्ही करू शकता. माझ्या वाटेवर दोडक्याचा मांडव आहे. पहिल्या वर्षी तो साडेसहा फुटांवर होता आणि अक्कांच्या डोक्यावरचा लाकडाचा भारा त्यात अडकला. आता आठ फूट ठेवला आहे आणि लोंबणारे दोडके रोज सकाळी काढते.

कडेला काटेरी काही लावू नका. गुलाब, बोगनवेल, लिंबू, काहीच नाही. पोरं रात्री त्याच वाटेनं येतात. गवती चहा पसरतो आणि पावसात वाटेवर आडवा पडतो, तोही आत सरकवा. हळद, आबोली, निशिगंध ठीक. शेवगा वाटेपासून लांब. त्याची फांदी वाऱ्यात सहज मोडते.

खाली जांभ्याचे चिरे घातले आहेत. खानापूरकडे सहज मिळतात आणि लाल मातीत चांगले बसतात. पण आमच्याकडचा पाऊस जूनला धरला की गणपतीपर्यंत सोडत नाही, आणि चिऱ्यावर शेवाळ येतं. गौरी-गणपतीच्या आधी आठ दिवस ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशनं घासावं लागतं. बसवताना चिऱ्यांना भिंतीच्या बाजूला थोडा उतार द्या, म्हणजे पाणी वाफ्यात न जाता कडेच्या चरीत जाईल.

जमलंच नाही तर

सगळ्यांच्या शेजारी अक्का नसतात. शेजारी बसायलाच तयार नसेल, रोज थोडी थोडी जागा खात असेल, तर आधी तारखेसह फोटो काढा, टेप जमिनीवर ठेवून. मग तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांना माहीत नाही. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील होत नाही. म्हणून सही करण्याआधी तिथेही फूट आणि रेघ तपासा. ते नाही झालं तर दिवाणी कोर्टात मनाई हुकूम. आणि दावा चालू असताना तुमच्या हातून वाट एक दिवसही अडू देऊ नका.

एक शेवटचं. वापर २० वर्षं पूर्ण थांबला तर वाटेचा हक्क संपू शकतो, म्हणून मागचं घर बंद असलेल्या लोकांना वाटतं की आता परडं मोकळं झालं. आमच्या ओळीतल्या एका घराचं असंच झालं. वीस पुरी व्हायच्या आत, सतरा वर्षांनी, मालक पुण्याहून परत आले तेव्हा त्यांच्या वाटेवर न्हाणीघर उभं होतं. मागचं घर बंद असलं तरी ती पट्टी मोकळी ठेवा. भाजी लावा, फुलं लावा, उपटता येईल ते सगळं लावा. पाया खणू नका.

दरवर्षी रोहिणी नक्षत्रात, पावसाआधी, मी आणि अक्का मिळून सुतळी धरतो. साडेचार फूट, वळणावर सव्वापाच. चुन्याची रेघ मारतो, अण्णा मोबाइलवर फोटो काढतात आणि मलाही पाठवतात. पाऊस पडला की रेघ धुऊन जाते, पण तोवर फोटो दोन्ही घरी असतो.